शांत रंग की भडक? बडोद्यातल्या घराला रंग ठरवण्याची रीत

पाऊस ओसरला की बडोद्यातल्या मराठी घरांत कलरकामाचा विषय निघतो आणि त्याच्या मागोमाग वादही येतो. सून मोबाइलवर फिकट राखाडी, बदामी, मातकट बैठकांचे फोटो दाखवते. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर पिस्ता असतो, नाहीतर आंब्याच्या रसाचा पिवळा.

"आई, हा नुसता राखाडी नाहीये, त्यात थोडा मातीचा रंग आहे."

"असेल गं. पण प्लास्टर झालं आणि रंगाचे पैसे संपले, असं दिसतंय ते."

अशा वादात मध्यस्थी करायची वेळ माझ्यावर बरेचदा येते, आणि दोघींपैकी एकीला गप्प बसवावं असं मला कधीच वाटत नाही. घोटाळा क्रमाचा असतो. लोक आधी शेड कार्ड उघडतात आणि मग बाकीचं घर त्यात बसवू पाहतात. भिंतीचा रंग सगळ्यात शेवटी ठरवायचा असतो. आधी घरातलं काय हलणार नाही ते पाहायचं, मग उजेड कुठून येतो ते, मग खोलीत कोण किती वेळ बसतं ते. या वाटेने गेलं की "शांत की भडक" हा प्रश्न अख्ख्या घरासाठी उरतच नाही. तो भिंतीगणिक विचारायचा असतो आणि उत्तरही भिंतीगणिक बदलतं. माझा कल आधीच सांगून टाकते: जिथे उजेड भरपूर तिथे भिंती शांत ठेवा आणि वस्तूंना बोलू द्या, अंधाऱ्या खोलीत मात्र रंगाला घाबरू नका.

जे हलणार नाही, त्याची यादी

कागद घ्या आणि प्रत्येक खोलीत पुढची निदान दहा वर्षं जागेवर राहणार त्या गोष्टी लिहा. फरशी, दारांचं पॉलिश, खिडक्यांच्या चौकटी, स्वयंपाकाचा ओटा, कपाटांचा सनमायका, जड फर्निचर. फरशी सगळ्यात वर. दिवसाचा उजेड खिडकीतून येऊन आधी फरशीवर पडतो आणि तिचा रंग घेऊन भिंतींवर, छतावर चढतो. म्हणजे तुम्ही कार्डावर निवडलेला रंग घरात तसाच दिसणार नसतो. त्यात थोडी फरशी मिसळलेली असते.

जुन्या घरांत कोटा असतो, हिरवट-निळसर राखाडी. त्यावर थंड राखाडी भिंती केल्या की खोली उदास होते, मोबाइलवरच्या फोटोत ती कितीही उच्चभ्रू वाटली तरी. कोट्याला पिवळसर झाक असलेला पांढरा, सायीचा रंग, फिकट मुलतानी मातीचा रंग मानवतो. नव्या फ्लॅटांत आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. त्यांच्यासमोर अगदी पांढरीशुभ्र भिंत ठेवली की धुतलेली फरशीही मळकट वाटते. तिथे फरशीच्याच जातीतला, तिच्यापेक्षा एक-दोन छटा उजळ रंग घ्यावा. नक्षीच्या जुन्या रंगीत सिमेंट टाइल्स असतील तर फार विचार करायचं कारणच नाही. फरशीच बोलते आहे, भिंतीने ऐकावं.

आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे संखेडा. बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या संखेडा गावातले खरादी सागवान कातून, लाखेचे थर देऊन हे फर्निचर करतात. हिंचका, खुर्च्यांची जोडी, पाळणा, काहीतरी प्रत्येक घरात असतंच, निदान लग्नात आलेलं. ते जवळून पाहा. गर्द मरून किंवा केशरी अंगावर सोनेरी वेलबुट्टी असते; त्या सोनेरीत सोनं नसतं, कथलाच्या रुपेरी नक्षीवर लाखेचा थर चढून ती झळाळी येते. म्हणजे आधीच तीन गोष्टी एकत्र आहेत: तापट रंग, बारीक नक्षी आणि चकाकी. अशा हिंचक्यामागे जांभळी किंवा गडद हिरवी भिंत केली की नजर कुठे ठेवावी कळत नाही. आणि थंड राखाडी केली तर हिंचका दुकानातून चुकून इथे आल्यासारखा दिसतो. त्याच्यामागे मला आवडतो तो उबदार, किंचित पिवळसर पांढरा, नाहीतर वाळूचा रंग. भिंत पूर्ण मॅट हवी, कारण चकाकी हिंचक्याकडे आहे ती पुरे.

ही युक्ती माझी नव्हे. छोटाउदेपूरच्या राठवा आदिवासींच्या घरांत पिठोऱ्याचे, म्हणजे त्यांच्या पारंपरिक भित्तिचित्रांतले, घोडे काढायच्या आधी भिंत शेणाने सारवून तिला पांढऱ्या मातीचा हात देतात. त्याशिवाय ते लाल, हिरवे, पिवळे घोडे उठून दिसणारच नाहीत. चित्र जितकं भडक तितकी पार्श्वभूमी मोकळी.

उजेड: दिशा आणि ऋतू दोन्ही

यादी झाली की प्रत्येक खोलीत दिवसातून तीनदा उभं राहा: सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला. दिवा लावू नका. होकायंत्र मोबाइलमध्ये असतंच.

बडोदा साधारण 22.3 उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या जरासं खाली. त्यामुळे मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला कललेला असतो, आणि डिसेंबरात भर दुपारीही क्षितिजापासून 44 अंशांच्या आसपासच चढतो. याचा घरातला अर्थ असा की दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन खोलवर आत येतं, उन्हाळ्यात जवळजवळ येतच नाही. एकच भिंत दोन ऋतूंत दोन रंगांची दिसते. दक्षिणेच्या खोलीचा रंग दिवाळीच्या सुमारास ठरवत असाल, तर उन्हाळ्यात ती खोली कशी दिसायची हे घरातल्यांना विचारून घ्या.

पश्चिमेच्या खोलीचं आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहे. मे महिन्यात चार वाजता तिथे बसवत नाही. तिथे केशरी, लाल, गर्द पिवळा दिला की संध्याकाळचं तांबूस ऊन त्या रंगाला आणखी चढवतं आणि खोली मनालाही तापलेली वाटते. (आतला रंग बदलून खोलीचं तापमान खाली येत नाही, त्यासाठी पडदे, ओनिंग, गच्चीवरचा पांढरा लेप हेच उपाय. पण रंगाने जीव आणखी तापू नये एवढं तरी करता येतं.) पश्चिमेला हिरवट किंवा निळसर झाक असलेला फिकट रंग. सासूबाईंचा पिस्ता इथे अगदी चपखल बसतो, फक्त कार्डावरच्यापेक्षा थोडा धुरकट निवडायचा.

आता अंधारी खोली. दांडियाबाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या जुन्या घरांत मधली खोली असते, जिला एकच खिडकी, तीही चौकात किंवा शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. इथे सगळे एकच सल्ला देतात: पांढरा द्या, उजळेल. अर्धवट खरं आहे. पांढरा रंग आलेला उजेड परत फेकतो. उजेडच आला नाही तर फेकणार काय? अशा खोलीत पांढऱ्या भिंती, विशेषतः कोपऱ्यांत, राखेच्या रंगाच्या दिसतात. त्यापेक्षा अशा खोलीला स्वतःचा रंग असलेला बरा. हळदीच्या जवळ जाणारा पिवळा, फिकट विटकरी, पिकल्या पेरूच्या आतला गुलाबी. खोली उजळ होणार नाही, पण उबदार होईल, आणि संध्याकाळी दिव्यात तर फारच छान दिसेल. छत मात्र पांढरंच ठेवा.

नेमकं मोजायचं असेल तर रंगकंपन्या बऱ्याच छटांना एक आकडा देतात, एल.आर.व्ही. रंग किती उजेड परत देतो ते 0 ते 100 या मापात. चांगला पांढरा 80 च्या वर असतो, फिकट बदामी साधारण 60 ते 70, विटकरी 20-30. दिवसा दिवा न लावता वापरायच्या खोलीत मोठ्या भिंती 55-60 च्या खाली नेऊ नयेत असं माझं मत. एखादी भिंत खाली गेली तर चालतं.

खिडकीबाहेर काय आहे तेही बघून घ्या. कडुनिंब असेल तर हिरवट उजेड येणार. समोरच्या सोसायटीने केशरी रंग लावला असेल तर तोही फुकटात तुमच्या भिंतीवर येणार.

"शांत" रंगांतली फसवाफसवी

लोकांना वाटतं, भडक रंगात धोका आणि ऑफ-व्हाइट बिनधोक. उलट आहे. पिवळा चुकला तर तो पिवळाच दिसतो, एवढंच. ऑफ-व्हाइट चुकला की भिंत आजारी दिसते आणि का ते सांगता येत नाही. कारण प्रत्येक फिकट रंगाच्या पोटात दुसरा एक रंग दडलेला असतो: पिवळा, गुलाबी, हिरवा, निळा, जांभळा. कार्डाच्या दोन इंची चौकटीत तो दिसत नाही, चारशे चौरस फुटांवर तो सगळ्यांच्या आधी दिसतो.

तो ओळखायची सोपी रीत: छपाईचा कोरा पांढरा कागद घ्या आणि दिवसाउजेडी तो शेड कार्डाच्या शेजारी धरा. पोटातला रंग लगेच वर येतो. आणखी एक म्हणजे कार्डाच्या त्याच पट्टीवरची सगळ्यात गडद छटा बघा. वरचा फिकट राखाडी खाली जाताना निळ्याकडे झुकतो की मातीकडे, हे तिथे उघड असतं. आता यादीतल्या फरशीशी, सनमायक्याशी त्या पोटातल्या रंगाचं जमतं का ते पाहा. गुलाबी पोटाचा बदामी आणि हिरवट कोटा यांचं मला तरी कधी जमलेलं दिसलं नाही.

नमुना भिंतीवर नको, पुठ्ठ्यावर

या पायरीला वेळ द्या, बाकी ठिकाणी वाचवा. दोन-तीन छटांवर आलात की प्रत्येकीची सगळ्यात लहान डबी टिंट करून, म्हणजे दुकानातच छटा मिसळून, घ्या. बऱ्याच दुकानांत 200 मिलीची मिळते. दोन फूट बाय दोन फुटांचा जाड पांढरा पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड घ्या, हार्डबोर्ड असेल तर आधी प्रायमर मारा. चहूबाजूंनी इंचभर पांढरी कड सोडून दोन हात द्या, मधे पूर्ण वाळू द्या. ओला इमल्शन आणि वाळलेला इमल्शन यांच्या रंगात फरक असतो, तेव्हा ब्रश हातात असताना निर्णय घेऊ नका.

थेट भिंतीवर पट्टे मारले तर जुना रंग शेजारी राहतो आणि तो नव्याला बिघडवून दाखवतो. पुठ्ठा उचलून खिडकीजवळ, समोरच्या भिंतीवर, कोपऱ्यात, हिंचक्यामागे नेता येतो. तो भिंतीसारखाच उभा धरा. टेबलावर आडवा ठेवून पाहू नका, आडव्यावर उजेड वेगळा पडतो.

रात्रीही पाहा आणि घरात जे दिवे खरोखर असतात तेच लावून पाहा. एलईडीच्या खोक्यावर केल्व्हिनमध्ये आकडा असतो: 2700 ते 3000 पिवळसर, 4000 मधला, 6500 निळसर पांढरा. आपल्या घरांत अजून 6500 ची ट्यूब चालते, त्याखाली उबदार बदामी मेल्यासारखा दिसतो आणि दोष रंगाला जातो. उबदार रंग घेणार असाल तर बैठकीतले दिवे 3000-4000 वर आणा. तो खर्च रंगाच्या मानाने किरकोळ आहे.

भडक रंगाबाबत एक जास्तीची काळजी. चार भिंती एकमेकींवर रंग फेकतात, म्हणून खोलीत तो रंग पुठ्ठ्यापेक्षा चढलेला दिसतो. पुठ्ठ्यावर "अगदी हाच" वाटला की पट्टीवरची एक छटा फिकी, किंवा तोच रंग थोडा धुरकट, असा घ्या.

भडक कुठे करावा

जिथे माणूस ये-जा करतो पण बसत नाही तिथे मनसोक्त. पॅसेज, जिना, दारातली छोटी जागा, काचकपाटाच्या आतली पाठ, देवघराचा कोनाडा. देवघराच्या मागे कुंकवाच्या जवळचा लाल किंवा गर्द पिवळा, आणि त्यावर पितळेच्या समया: हे कुणाच्याही आवडीनिवडीपलीकडे चांगलं दिसतं.

बैठकीत एकच रंगीत भिंत करायची पद्धत आहे. करा, पण दारात पाऊल टाकल्यावर समोर येणारी अखंड भिंत निवडा, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवा. दोन दारं, एक खिडकी आणि स्विचबोर्ड यांनी चिरफाड झालेल्या भिंतीवर भडक रंग गेला की त्याच्या फक्त चिंध्या दिसतात. टीव्हीमागची भिंत लाल करू नये. रोज दोन तास तिकडे बघायचं असतं. तिथे गडद पण गप्प रंग, काळसर निळा किंवा कोळशाचा, डोळ्यांना बरा पडतो.

झोपायच्या खोलीत पलंगाच्या डोक्यामागची भिंत रंगीत चालते, कारण झोपणाऱ्याला ती दिसत नाही. स्वयंपाकघरात रंगापेक्षा भिंत पुसता येते की नाही हे महत्त्वाचं. फोडणीचा तेलकट थर मॅटवरून निघत नाही, सॅटिन (किंचित चकाकीचा) किंवा धुता येणारा इमल्शन घ्या. (हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, पण स्वयंपाकघराच्या भिंतीला उन्हात कसं नेणार?) मुलांच्या खोलीचा रंग मुलांना निवडू द्या, तीन-चार वर्षांत तो तसाही बदलायचा असतो.

भडक म्हणजे गावठी आणि बदामी म्हणजे अभिरुची, असं कुणी म्हणालं की मी त्यांना रावपुऱ्याजवळच्या तांबेकरवाड्याची आठवण देते. भाऊ तांबेकर 1849 ते 1854 या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या वाड्याच्या भिंतींवर रामायण-महाभारतातले प्रसंग चितारलेले आहेत. आपल्या लोकांना भिंतभर रंगाचं वावडं कधीच नव्हतं. फक्त तिथे रंगाला चित्राचा आकार होता, रोलरने मारलेला सपाट जांभळा नव्हे.

भाड्याच्या घरात असाल, किंवा वाद मिटतच नसेल, तर भिंती उबदार ऑफ-व्हाइट करून रंगाचा सगळा खर्च कापडावर करा. मंगळबाजारातून पडदे, उशांचे अभ्रे, बांधणीची दिवाणचादर. आजीची जीर्ण पैठणी असेल तर तिचा पदर चौकटीत बसवून घ्या. सजावटवाले 60-30-10 असं गणित सांगतात: साठ टक्के भिंती वगैरे, तीस मोठ्या वस्तू, दहा उठाव देणारा रंग. ते काटेकोर पाळायची गरज नाही. पण उठावाचा रंग खोलीत किमान तीन ठिकाणी दिसला पाहिजे, एकाच लाल उशीने काही होत नाही. आणि गणपतीची आरास, नवरात्रातलं तोरण यांनाही भिंतीवर जागा लागते हे विसरू नका.

ओल, पुट्टी आणि किती लिटर

पावसानंतर लगेच घाई करू नका. शंका असलेल्या भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. आतल्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतून येते आहे. आधी गळती बंद करा, नाहीतर पाचशेचा रंग आणि पाच हजारांचा रंग सारखाच उतरणार. लोणा लागणाऱ्या भिंतीवर गडद रंग तर मुळीच नको, पांढरे क्षार त्यावर लांबूनही दिसतात. नवं सिमेंट प्लास्टर असेल तर रंगाआधी निदान चार आठवडे जाऊ द्या.

रंगाऱ्याशी आधीच बोलून घ्या: खरवडणं, पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, दोन हात. क्रम छत, मग भिंती, मग दारं. भिंतीत उंचसखलपणा असेल तर मॅट घ्या; चकाकीवर प्रत्येक खड्डा दिसतो. गडद मॅटवर मात्र हात घासला, खुर्ची टेकली की चकचकीत पट्टे उमटतात, म्हणून पॅसेजमध्ये गडद रंग सॅटिनमध्ये बरा.

हिशोब सोपा आहे. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट: चार भिंती 440 चौरस फूट. दार 21, खिडकी 16 वजा केली की 403 उरतात. चांगला इमल्शन दोन हातांत लिटरमागे साधारण 100 ते 140 चौरस फूट जातो. 120 धरा, म्हणजे साडेतीन लिटरच्या आत; चार लिटरचा डबा पुरतो. हे फिकट रंगाचं. लाल आणि लखलखीत पिवळा हे झाकायला कमजोर रंग, त्यांना तिसरा हात बहुतेक लागतोच, आणि गडद छटांसाठीच्या वेगळ्या बेसमध्ये (ज्यात छटा मिसळतात त्या मूळ रंगात) टिंट होत असल्याने लिटरचा भावही चढतो. बारा बाय दहाची एक लाल भिंत धरा: 120 चौरस फूट, दोन हातांना एक लिटर, तिसऱ्याला आणखी अर्धा. म्हणजे लिटरचे दोन डबे. लालच्या खाली पांढऱ्याऐवजी राखाडी किंवा गुलाबीसर टिंट केलेला प्रायमर मारायला सांगा, एक हात वाचू शकतो.

एका खोलीसाठी दोन डबे लागत असतील तर दोन्ही एकाच वेळी टिंट करून घ्या आणि बादलीत एकत्र ढवळूनच कामाला सुरुवात करू द्या. दोन डब्यांत केसभर जरी फरक असला तरी तो नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो. काम संपल्यावर उरलेला रंग रंगाऱ्याला देऊन टाकायची आपल्याकडे रीत आहे. अर्धा लिटर तरी ठेवून घ्या, छोट्या डब्यात काठोकाठ भरून, झाकण घट्ट. वर मार्करने कंपनी, शेडचा क्रमांक, बेस, खोली आणि महिना लिहा. पुढच्या गणपतीला खिळा काढल्यावर तो लागणारच आहे.